फादर स्टीफन्स यांच्या गावचे चर्च कोण सांभाळणार?

मराठी ख्रिस्ती वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स हे नाव परके नाही. 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते, मराठीच्या गोडव्यावर लुब्ध झालेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याला लागले, पुढची चाळीस वर्षे त्यांनी साष्टी प्रदेशात सेवाकार्य केले आणि १६१९ साली याच भूमीत देह ठेवला. हे सारे आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि प्रवचनांतून आपल्या कानांवर पडलेले आहे. परंतु हा माणूस आला कोठून? त्याचे गाव कोणते, त्या गावचे चर्च कोणते आणि आज त्या चर्चची स्थिती काय, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. हे प्रश्न आज विचारण्याचे कारणही आहे. इंग्लंडमधील हजारो खेड्यांतील प्राचीन चर्चेस यापुढे कोणी व कशी सांभाळायची, याविषयी त्या देशात गेली काही वर्षे गंभीर चर्चा चालू आहे. ती चर्चा समजून घेण्यासाठी फादर स्टीफन्स यांच्या गावाइतके योग्य उदाहरण आपल्याला दुसरे मिळणार नाही.

डोंगरधारेखालचे गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात विल्टशायर नावाची कौंटी आहे. तेथील स्विंडन या मोठ्या शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर खडूच्या दगडाची एक उभी, झाडीने झाकलेली डोंगरधार लागते. त्या धारेच्या पायथ्याशी क्लिफ पायपर्ड हे गाव वसले आहे. 'क्लिफ' म्हणजे कडा आणि 'पायपर्ड' हे मध्ययुगात गावाची मालकी असलेल्या घराण्याचे नाव. गावाची वस्ती काही शेकड्यांच्या पलीकडे नाही. याच धर्मग्रामातील बुश्टन नावाच्या वाडीत, १५४९ च्या सुमारास, एका व्यापाऱ्याच्या घरी थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला.

गावचे चर्च संत पेत्राला वाहिलेले आहे. आज दिसणारी बरीचशी वास्तू पंधराव्या शतकातील, म्हणजे थॉमसच्या जन्मापूर्वीची आहे. एकोणिसाव्या शतकात विल्यम बटरफिल्ड या नामांकित वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तिची मोठी दुरुस्ती झाली. आतील प्रवचनपीठावर १६२९ हे साल कोरलेले आहे. १७८६ साली मरण पावलेल्या टॉमस स्पॅकमन नावाच्या एका सुताराचे संगमरवरी स्मारकही तेथे आहे. त्याच्या पुतळ्याजवळ त्याची हत्यारे आहेत आणि शिकणारी मुले आहेत, कारण गावातील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्याने आपली पुंजी ठेवली होती. संत योसेफाच्या व्यवसायातील माणसाला गावाने सरदाराच्या तोलाचे स्मारक द्यावे, ही गोष्ट त्या धर्मग्रामाविषयी बरेच काही सांगून जाते.

आवारातील एका थडग्यावर निकोलस पेव्हस्नर यांचे नाव आहे. जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या विद्वानाला नाझी राजवटीमुळे मायदेश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये त्यांनी गावोगाव हिंडून १९५१ ते १९७४ या काळात त्या देशातील वास्तूंची शेहेचाळीस खंडांची सूची सिद्ध केली. आज कोणत्याही इंग्रज खेड्यातील चर्चचा इतिहास पाहायचा झाल्यास प्रथम पेव्हस्नर उघडला जातो. या गावाजवळ त्यांचे छोटेसे घर होते. १९८३ साली त्यांचे निधन झाले आणि पत्नीशेजारी येथेच त्यांना मूठमाती देण्यात आली. निर्वासित म्हणून आलेल्या माणसाने त्या देशाला त्याच्या चर्चेसची ओळख करून दिली, हे आपण ध्यानात ठेवू या.

दहा वर्षांत तीन उलथापालथी

थॉमसचा जन्म ज्या सुमारास झाला त्याच १५४९ साली इंग्लंडच्या सर्व चर्चेसमध्ये लॅटिन मिस्सा बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. पाठोपाठ दगडी वेद्या हटवून लाकडी मेजे ठेवण्याचे आदेश निघाले. भिंतींवरील संतांची चित्रे चुन्याने पांढरी करण्यात आली. १५५३ साली राणी मेरी गादीवर आली आणि मिस्सा परत आली. १५५९ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत ती पुन्हा गेली. दहा वर्षांच्या आत एकाच गावातील त्याच चार भिंतींमध्ये उपासनेचे रूप तीनदा पालटले. असे बालपण ज्याच्या वाट्याला आले, त्याला श्रद्धा ही केवळ वास्तूच्या आधारावर टिकत नाही हे फार लवकर कळले असावे.

थॉमसने विंचेस्टर येथे शिक्षण घेतले. टॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाण्याचा बेत आखला. परंतु पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. थॉमस एकटेच रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. लिस्बनहून जहाजाने गोव्यात उतरल्यावर त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र १५८९ साली लंडनमध्ये छापले गेले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले. गावी ते पुन्हा कधीच गेले नाहीत. त्यांच्या गावचे चर्च तोवर कायमचे अँग्लिकन झाले होते आणि आजही ते अँग्लिकन उपासनेचेच स्थान आहे.

प्रश्नाचे आजचे स्वरूप

आता वर्तमानाकडे वळू या. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चकडे सुमारे सोळा हजार चर्चवास्तू आहेत. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक वास्तूंना वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूंपैकी तब्बल ४५ टक्क्यांच्या आसपास अँग्लिकन धर्मग्रामांची चर्चेस आहेत. क्लिफ पायपर्डचे चर्चही याच सर्वोच्च श्रेणीत मोडते. २०१५ साली चर्चने स्वतःच केलेल्या पाहणीनुसार निम्म्याहून अधिक चर्चेस ग्रामीण भागात आहेत. तेथे राहणारे लोक मात्र लोकसंख्येच्या जेमतेम १७ टक्के आहेत. चतुर्थांशाहून अधिक चर्चेसमध्ये रविवारच्या उपासनेला वीस माणसेही नसतात, असेही त्या पाहणीत आढळले. पुढे २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आले.

आपल्याकडे अनेकांची अशी समजूत असते की, अँग्लिकन चर्च हे इंग्लंडचे राजमान्य चर्च असल्यामुळे त्याचा खर्च सरकार करते. वस्तुस्थिती तशी नाही. चर्चवास्तूच्या दुरुस्तीची जबाबदारी त्या त्या धर्मग्रामाच्या समितीवर असते. दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि तो जी यादी देईल तिच्यासाठी पैसे गावानेच उभे करायचे असतात. छपराचा शिशाचा पत्रा चोरीला गेला, मनोऱ्याचा दगड सुटला, भिंतीत ओल शिरली, तर पंधरा-वीस वृद्ध माणसांनी लाखो रुपयांच्या तोडीची रक्कम जमवायची. शिवाय धर्मगुरूंच्या वेतनासाठी धर्मप्रांताकडे वर्गणी भरायची ती वेगळीच. एकेका धर्मगुरूकडे चार-पाच, कधी त्याहूनही अधिक गावे असतात; त्यामुळे दर रविवारी प्रत्येक गावात उपासना होणे अशक्य झाले आहे. प्रत्येक चर्चमध्ये रविवारी उपासना झालीच पाहिजे, हा सतराव्या शतकापासूनचा नियम अँग्लिकन महासभेने २०१९ साली शिथिल केला, तो याच कारणाने.

दुरुस्तीवर वीस टक्के मूल्यवर्धित कर लागतो. संरक्षित उपासनास्थळांना हा कर अनुदानरूपाने परत देण्याची योजना सरकारने २००१ साली सुरू केली होती. जानेवारी २०२५ मध्ये या योजनेला मार्च २०२६ पर्यंतच मुदतवाढ देताना सरकारने वार्षिक तरतूद ४ कोटी २० लाख पौंडांवरून २ कोटी ३० लाखांवर आणली आणि एका वास्तूला वर्षाकाठी २५ हजार पौंडांची मर्यादा घातली. छोट्या डागडुजीला ही मर्यादा आड येत नव्हती. परंतु ज्या गावाने वर्षानुवर्षे पैसे जमवून संपूर्ण छप्पर बदलण्याचे काम हाती घेतले होते, त्याचा हिशेब या एका निर्णयाने कोलमडला. इंग्लंडच्या वारसा संस्थेच्या 'धोक्यातील वास्तूं'च्या नोंदवहीत नऊशेहून अधिक उपासनास्थळे आहेत, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर अधिकच चिंताजनक ठरते.

चार मते

या प्रश्नावर तेथे प्रामुख्याने चार मते मांडली जातात.

पहिले मत असे की, ही राष्ट्रीय संपत्ती आहे, तेव्हा राष्ट्राने खर्च करावा. शेजारच्या फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यापूर्वी बांधलेल्या धर्मग्रामांच्या चर्चवास्तू स्थानिक नगरपालिकांच्या मालकीच्या आहेत. जर्मनीत सरकार चर्चसाठी सभासदांकडून कर गोळा करून देते. इंग्लंडमध्ये यांपैकी काहीच नाही. या मतात तथ्य आहे; मात्र जो देश आपली रुग्णालये चालवताना मेटाकुटीस येतो, तो सोळा हजार चर्चेसचा भार उचलील अशी आशा धरणे व्यवहार्य वाटत नाही. शिवाय जो पैसा देतो तो आज ना उद्या अटीही घालतो.

दुसरे मत असे की, अँग्लिकन चर्चच्या मध्यवर्ती निधीत दहा अब्ज पौंडांहून अधिक मालमत्ता असताना गावांनी झोळी का फिरवावी? २०२१ साली 'धर्मग्राम वाचवा' ही चळवळ सुरू झाली, तिचा मुख्य आक्षेप हाच होता. पैसा वर साचतो आणि धर्मगुरू खालून कमी होतात, असे तिचे म्हणणे. मध्यवर्ती व्यवस्थेचे उत्तर असे की, हा निधी गरीब भागांतील सेवाकार्य आणि धर्मगुरूंची निवृत्तिवेतने यांसाठी आहे; तो दगडविटांत घातला तर माणसांसाठी काय उरणार? दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे बोलत आहेत, हे मान्य करावे लागते.

तिसरे मत रोखठोक आहे. जेथे माणसे नाहीत तेथील चर्चेस बंद करावीत, विकावीत आणि शक्ती शहरांकडे वळवावी. हे हिशेबाला पटते. परंतु इंग्लंडमध्ये धर्मग्राम म्हणजे केवळ उपासनेला येणाऱ्यांची संख्या नव्हे. त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाला, तो रविवारी येवो वा न येवो, तेथे विवाहाचा व आवारात जागा असेल तर दफनाचा हक्क आहे. शाळा बंद झाली, टपाल कचेरी गेली, दुकान गेले. अशा अनेक गावांत सर्वांचे म्हणून जे एकच छप्पर उरले आहे ते चर्चचे. ते एकदा विकले की पुन्हा मिळत नाही.

चौथे मत मधला मार्ग सुचवते. चर्च उपासनेसाठी राहील, पण त्याच छपराखाली टपालाचा टेबल, गरजूंसाठी अन्नवाटप, वाचनालय, संगीताचा कार्यक्रम यांनाही जागा असावी. काही ठिकाणी वर्षातून केवळ नाताळ, पुनरुत्थान व सुगीचा सण अशा प्रसंगी उपासना होते. एरवी दार उघडे असते. जेथे तेही शक्य नाही तेथील वास्तू विश्वस्त संस्थांकडे जातात. १९६९ साली स्थापन झालेली एक संस्था साडेतीनशेहून अधिक चर्चेस सांभाळते. 'निराधार चर्चेसचे मित्र' असे हृदयस्पर्शी नाव असलेली दुसरी संस्था १९५७ पासून हेच काम करीत आहे.

आपण कोणत्या दृष्टीने पाहावे?

हे अँग्लिकनांचे दुखणे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या चर्चमध्ये शतकानुशतके कॅथलिक मिस्सा झाली त्याच्या भवितव्याविषयी आपण उदासीन राहू शकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याचा मार्ग मोकळा केला. २३ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि राजे चार्ल्स यांनी सिस्टाइन चॅपलमध्ये एकत्र प्रार्थना केली; धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या राजाने पोपसमवेत जाहीरपणे प्रार्थना करण्याची ती पहिलीच वेळ होती. थॉमस स्टीफन्स यांना ज्या दुभंगामुळे घर सोडावे लागले, तो दुभंग बुजवण्याच्या वाटेवरील ते एक पाऊल होते.

रिकामी चर्चेस हा प्रश्न कॅथलिक ख्रिस्तसभेलाही चुकलेला नाही. युरोपातील अनेक कॅथलिक धर्मप्रांत त्याला तोंड देत आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये रोम येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यासाठी पाठविलेल्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी संत लॉरेन्सचे स्मरण करून दिले होते. चर्चची संपत्ती गोरगरिबांच्या सेवेसाठी आहे. वास्तू मौल्यवान असली तरी तिला परममूल्य मानता येत नाही, असा त्या संदेशाचा आशय होता. त्याच वेळी चर्च बंद करण्याचा निर्णय केवळ पैशाच्या हिशेबावर घेऊ नये, श्रद्धावंतांना विश्वासात घ्यावे आणि वास्तूच्या नव्या वापरात तिच्या मूळ पावित्र्याची बूज राखावी, असेही परिषदेच्या मार्गदर्शक सूत्रांत आग्रहाने सांगितले आहे. आम्हाला ही भूमिका योग्य वाटते. वरील चार मतांपैकी चौथे मत तिच्या सर्वांत जवळ जाते. मात्र त्याला एक अट हवी. जेथे टपालाचा टेबल आला आणि वेदी अडगळीत गेली, तेथे चर्च वाचले असे म्हणता येणार नाही.

येथे फादर स्टीफन्स यांच्याच ग्रंथाची कहाणी आठवते. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही, कारण साध्यासुध्या कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, चर्चमध्ये व घरोघरी तो गायला. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती लोकांनी तो बरोबर नेला. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली पुण्याहून देवनागरीत मराठी वाचकाच्या हाती आला.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. क्लिफ पायपर्डला दगड उभे आहेत, पण गाणारे कंठ विरळ होत चालले आहेत. गोव्यात कागद नाहीसा झाला, पण कंठ शाबूत होते म्हणून ग्रंथ परत उभा राहिला. ह्यावरून वास्तूंची पर्वा करू नये असा अर्थ कोणी काढू नये. ज्याला कंठ आहे त्यालाच वास्तूची गरज भासते आणि तोच ती राखतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आणखी एक गोष्ट विलक्षण आहे. थॉमस स्टीफन्स यांच्या जन्मगावापासून बारा किलोमीटरवर असलेल्या स्विंडन शहरात आज गोवेकरांची मोठी वसाहत आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गेल्या काही दशकांत ही कुटुंबे तेथे गेली. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर, २०२० अखेर ती मुक्त वाट बंद झाली. तरी जी कुटुंबे स्थिरावली ती तेथेच आहेत. गोदामांत आणि कारखान्यांत ती कष्ट करतात आणि रविवारी तेथील कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला जातात. १५७९ साली त्या मातीतून एकजण साष्टीला आला आणि आपल्या पूर्वजांच्या भाषेत त्यांना तारणाची कथा सांगून गेला. आज साष्टीची माणसे त्या मातीत जाऊन तेथील श्रद्धेला बळ देत आहेत. हे कर्ज कोणी जाणूनबुजून फेडले नाही. देवाच्या योजनेत ते फिटत आहे.

आपल्या धर्मग्रामांपुढे आज रिकाम्या बाकांचा प्रश्न नाही, याबद्दल देवाचे आभार मानू या. मात्र क्लिफ पायपर्डलाही एके काळी तो नव्हता. आपल्या मुलांचे रविवार कोठे जातात, आपल्या वृद्धांना पाठ असलेली जुनी गीते कोणी लिहून ठेवली आहेत काय, आपल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांना वाळवी तर लागलेली नाही ना, हे पाहण्याची वेळ बाके भरलेली असतानाच असते. येत्या धर्मग्राम समितीच्या सभेत एवढे तीन प्रश्न जरी कोणी विचारले तरी पुष्कळ झाले.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे इंग्लंडमध्ये आहेत आणि सुटीत त्यांच्याकडे जाणे होते. त्यांना एक विनंती आहे. लंडनचा राजवाडा पाहून झाला की एक दिवस स्विंडनकडे वळावे आणि डोंगरधारेखालच्या त्या चर्चला भेट द्यावी. दुरुस्तीच्या पेटीत यथाशक्ती चार पौंड टाकावेत आणि बाकावर बसून 'हे आमच्या स्वर्गीय बापा' ही प्रार्थना मराठीत म्हणावी. ज्याने आपल्याला याच भाषेत देवाशी बोलायला लावले, त्याच्या गावी ती एकदा तरी ऐकू गेली पाहिजे.